मोची, विणकर आणि ग्रीक व्याकरण

विल्यम कॅरी (१७६१–१८३४) व्यवसायाने मोची होता. उमेदवारीच्या काळात मालकाच्या दुकानातल्या एका बायबल-भाष्यात त्याला ग्रीक शब्द दिसले. ते उतरवून घेऊन तो गावातल्या शिकलेल्या विणकराकडे गेला आणि ग्रीक शिकू लागला. हिब्रू त्याने पुढे जोडे शिवतच आत्मसात केली. १७९३मध्ये तो बंगालला आला. मराठी व्याकरण १८०५मध्ये आणि मराठी नवा करार १८११मध्ये, अशी त्याची दोन मोठी कामे तिथल्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाली.

कॅरी विलक्षण बुद्धीचा होता, ग्रीक-हिब्रू शिकणे सर्वांना कसे जमेल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याची पहिली पायरी बुद्धीची नव्हती, रोज थोडे घोकण्याची आणि विचारायला न लाजण्याची होती. कारागीर हेच करून हुन्नर शिकतो. ग्रीकमध्ये तीन लिंगे आणि विभक्त्या आहेत. मराठी माणसाला त्या परक्या वाटू नयेत. हिब्रूची उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी मात्र सरावच मागते. वेळेची अडचण खरी आहे, शिक्षकाची त्याहून मोठी. बुऱ्हाणपूरजवळच्या चांदनीसारख्या गावात कुणा कामगाराला या भाषा शिकण्याची ओढ लागली, तर चर्चने आणि वाचनालयांनी त्याला व्याकरणाचे पुस्तक व मार्गदर्शक मिळवून द्यावा.