घटस्फोटाच्या कागदावरचे मूल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की वेगळे व्हायचे ठरल्यावरही पुष्कळ जोडपी आधी कोर्ट टाळायची वाट शोधतात. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसतात, स्टॅम्प पेपर आणला जातो, ‘यापुढे आमचा एकमेकांशी काही संबंध नाही’ असे लिहून सह्या होतात आणि खाली नोटरीचा शिक्का पडतो. गावाकडे याला फारकत किंवा काडीमोड म्हणतात. हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न अशा कागदाने मोडत नाही. एखाद्या समाजात घटस्फोटाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. तसे झाले नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि त्याची झळ बहुधा एखाद्या तिसऱ्याच बाईला लागते. तेव्हा ही पायरी चढावीच लागते. दोघांचे एकमत असेल तर ती फार उंच नाही. फक्त चढण्याआधी एक कागद जीव ओतून तयार करायला हवा, आणि त्यातही मुलांविषयीचा भाग.

आधी वाट कशी आहे ते पाहू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. परस्पर संमतीने घटस्फोटाचे कलम १३-ब त्यात १९७६ मध्ये आले. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी विशेष विवाह कायद्याचे कलम २८ जवळजवळ तसेच आहे. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम जोडप्यांसाठी संमतीच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंब कायदा चालतो. त्यामुळे पुढची कलमे त्यांना जशीच्या तशी लागू नाहीत. मुलांबद्दल जे लिहिले आहे, ते मात्र सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

कलम १३-ब तीन गोष्टी मागते. दोघे किमान वर्षभर वेगळे राहत असावेत, एकत्र नांदणे शक्य नसावे आणि लग्न संपवायचे हे दोघांनी मिळून ठरवलेले असावे. ‘वेगळे राहणे’ म्हणजे वेगवेगळ्या पत्त्यांवर राहणे असा अर्थ नाही. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात कर्जाच्या हप्त्यांमुळे दोघांना एकाच छपराखाली राहावे लागते. नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर कायद्याच्या नजरेत ते वेगळेच राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने सुरेष्टा देवी खटल्यात १९९१ मध्येच सांगितले आहे.

अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे झाले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा पत्नी सध्या जिथे राहते, यांपैकी कुठेही. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी तो कौटुंबिक न्यायालयात जातो. जिथे हे न्यायालय नाही, तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. सोबत लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, दोघांची ओळखपत्रे आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. कौटुंबिक न्यायालयात वकील हक्काने उभा राहत नाही, न्यायालयाच्या परवानगीने राहतो. ती बहुधा मिळते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे अजूनही फार थोड्या जणींना माहीत आहे, याचे वाईट वाटते.

अर्ज दाखल झाला की न्यायालय दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवते. जोडपी याला वेळेचा अपव्यय समजतात. मला तसे वाटत नाही. समुपदेशक पुन्हा संसार मांडायला भाग पाडत नाही. निर्णय खरोखर दोघांचा आहे की कुणाच्या दबावाखाली झाला आहे, हे तो पाहतो. आणि मुलांचे काय ठरले, हे वकिलाच्या टेबलापासून दूर, शांतपणे विचारणारी ही पहिलीच जागा असते.

त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. विचार बदलायला दिलेला हा अवधी. तो संपल्यावर, पण अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन ‘आम्ही ठाम आहोत’ असे सांगायचे. न्यायाधीश दोघांना स्वतंत्रपणे विचारतात, अटी पुन्हा पाहतात आणि हुकूमनामा देतात. हा अवधी न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने ठरवले. मात्र त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहणे झालेले असावे, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळे खरोखर मिटलेले असावे. शेवटची अट महत्त्वाची आहे. ज्यांनी कागद नीट केला, त्यांचाच वेळ वाचतो.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने द्यायची पद्धत पडली आहे. काही रक्कम पहिल्या वेळी, उरलेली शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने. एकमेकांवर चालू असलेल्या तक्रारी कधी आणि कशा मागे घ्यायच्या, तेही याच कागदात लिहितात.

हा कागद म्हणजे संमतीच्या अटी, वकिलांच्या तोंडी ‘कन्सेंट टर्म्स’. त्यातला पैशांचा भाग लोक आपणहूनच बारकाईने लिहितात, म्हणून त्याविषयी थोडेच सांगतो. फ्लॅट एकाच्या नावावर करायचा असेल तर नुसती अट पुरत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. नवरा-बायकोमधल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मिळणारी सवलत नाते असेपर्यंतच असते, म्हणून दस्त हुकूमनाम्याच्या आधी करायचा की नंतर, हे आधीच विचारून घ्यावे. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या आपसातल्या अटीने बँक बांधली जात नाही. हप्ता थकला की ती दोघांनाही धरते.

आता मूल. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताबा म्हणजे मूल रोज कुणाच्या घरी राहणार. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार आणि सही कोण करणार. १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असे लिहिलेले आहे. वडील हयात असतानाही, ते लक्ष देत नसतील किंवा दूर असतील तर आई पालक असते, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात लावला. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे असावे, असेही हाच कायदा सांगतो. पण या सगळ्याच्या वर याच कायद्याचे कलम १३ आहे. मुलाचे हित सर्वांत आधी, आई-वडिलांचे हक्क त्यानंतर. आई मिळवती नाही म्हणून तिच्याकडून ताबा जात नाही, कारण खर्चाची सोय पोटगीने होते. आणि ताबा आईकडे आहे म्हणून वडील परके होत नाहीत. मुलाला दोघांच्या सहवासाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीबरोबर फोन, व्हिडिओ कॉलनेही मुलाशी बोलता यायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सांगितले.

एवढे सगळे असूनही बहुसंख्य कागदांत मुलाच्या वाट्याला येते ते एक वाक्य: ‘मुलाचा ताबा आईकडे राहील आणि वडिलांना वाजवी वेळी मुलाला भेटता येईल.’ वाजवी म्हणजे किती? कुणाच्या मते? रविवारी चित्रकलेची परीक्षा असेल तर? आजोबा दवाखान्यात असतील तर? सही करताना दोघे थकलेले असतात, सौजन्याने वागत असतात, म्हणून हे वाक्य गोड वाटते. वर्षभराने याच वाक्यावर पुन्हा वकील, पुन्हा तारखा.

त्याऐवजी असे लिहावे: ‘दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता वडील मुलाला आईच्या सोसायटीच्या गेटवरून घेतील आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता तिथेच आणून सोडतील. मूल आजारी असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचे. बुडालेली भेट लगेच पुढच्या शनिवारी भरून द्यायची. वडिलांना यायला जमत नसेल तर आजी किंवा आत्या मुलाला घ्यायला येऊ शकेल.’ वाचायला रुक्ष वाटते. पण गेटवर उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलासमोर वाद घालायला यात काही शिल्लक राहत नाही, आणि त्याच्या दृष्टीने तेच सगळ्यांत मोलाचे आहे.

सणांचे तसेच. ‘दिवाळी आळीपाळीने’ असे लिहून भागत नाही, कारण वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दिवस पुष्कळ असतात. एका वर्षी लक्ष्मीपूजनापर्यंत आईकडे आणि पाडव्यापासून वडिलांकडे, पुढच्या वर्षी उलट, असे स्पष्ट लिहिता येते. दोन भावंडे असतील तर राखी आणि भाऊबीजेला ती एकत्रच असतील, हेही घालावे. वडिलांच्या मूळ घरी कोकणात गणपती असेल तर तेव्हा शाळा चालू असते. किती दिवसांची रजा चालेल, ते आत्ताच ठरवावे. मे महिन्याच्या सुट्टीचा कुठला अर्धा भाग कुणाचा, हे फेब्रुवारीअखेर कळवायचे, अशी ओळ घालावी. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात.

फोनची वेळ लिहावी, आणि बोलणे चालू असताना दुसऱ्याने शेजारी बसून सूचना करायच्या नाहीत, हेही. शाळेच्या दाखल्यावर दोघांची नावे, प्रगतिपुस्तक दोघांना, पालकसभेला दोघांना मुभा. शस्त्रक्रियेसारखा निर्णय दोघांना कळवून. पासपोर्टचे कलम तर हमखास विसरले जाते. मुलाचा पासपोर्ट काढायला सहसा दोन्ही पालकांची संमती मागतात, म्हणून ती संमती आणि मूल परदेशी नेताना किती दिवस आधी काय कळवायचे, हे लिहून ठेवावे. अमेरिकेत, आखातात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी जोडप्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याविषयी हेग येथे १९८० मध्ये झालेल्या करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे तिकडच्या कोर्टाचा ताब्याचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. इथले न्यायालय मुलाचे हित नव्याने तपासते.

पोटगीत बायकोची आणि मुलाची रक्कम वेगळी दाखवावी. पत्नी स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलाची सोडायचा अधिकार तिला नाही, कारण ती मुलाची आहे. ‘मला तुझा एक पैसाही नको’ हे वाक्य रागात म्हणायला सोपे असते, पण त्यात मुलाची फी बुडता कामा नये. महिन्याची रक्कम, बँकेत जमा करायची तारीख, दरवर्षीची वाढ, आणि फी, क्लास, व्हॅन, दवाखाना यांचा वाटा कुणाचा, हे सगळे लिहावे. प्रकरण संमतीचे नसून वादाचे असेल, तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. संमतीने वेगळे होणाऱ्यांनीही घरी बसून तो नमुना भरून पाहावा. कुणाच्या डोक्यावर काय ओझे आहे, ते दोघांना दिसते.

ताब्यावर एकमत झालेच नाही तर न्यायालय ठरवते. दावा चालू असताना तात्पुरता ताबा आणि भेटी दिल्या जातात. भेटी कधी कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, कधी घरी. मूल कळत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकटे बोलतात. त्याची इच्छा विचारात घेतात, पण तेवढ्यावरच निकाल देत नाहीत. पढवून पाठवलेले मूल अनुभवी न्यायाधीशांच्या आणि समुपदेशकांच्या लगेच लक्षात येते. इथे मला कळकळीने सांगावेसे वाटते: मुलाला बाजू निवडायला लावू नका. ‘तू कुणाकडे राहणार?’ हा प्रश्न नातेवाइकांनीही विचारू नये. त्याला सांगायचे तर दोघांनी एकत्र बसून एवढेच सांगावे की घरे दोन होणार आहेत, त्याची शाळा तीच राहील आणि यात त्याची काही चूक नाही.

हुकूमनामा मिळाला की त्याच्या प्रमाणित प्रती जास्तीच्याच काढून ठेवाव्यात. पासपोर्ट, शाळा, बँक, सगळीकडे लागतात. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरची वारसनोंद आपोआप बदलत नाही, ती जाऊन बदलावी लागते. कुटुंबाच्या आरोग्य विम्यातून जोडीदाराचे नाव निघते, मुलाचे राहते, पण हप्ता कोण भरणार हे ठरलेले असावे. आणि मुलांविषयीच्या अटी दगडावरची रेघ नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडून त्या पुढे बदलून घेता येतात. चार वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेले शनिवार-रविवार ती दहावीला गेल्यावर जमणार नाहीत. म्हणून दरवर्षी जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक हाती आले की दोघांनी भेटींचे दिवस पुन्हा तपासायचे, हे कलम पहिल्याच कागदात घालावे. मोठा बदल करायचा असेल, तर त्यासाठीचा अर्जही दोघांना एकत्र करता येतो.