सरकारनेच फोडलेला पेपर

बोर्डाचा पेपर फुटला की आपल्याकडे केवढा गहजब होतो! आता अशी एक परीक्षा डोळ्यांसमोर आणा, जिचा पेपर खुद्द सरकारच फोडते. सगळे प्रश्न, जवळजवळ सगळ्या उत्तरांसकट, ज्याला हवेत त्याला फुकट. आणि पास झाल्यावर मिळते काय? एका देशाचे नागरिकत्व!

ही अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा. ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षे झाली, किंवा अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले असेल तर तीन, की एन-400 नावाचा अर्ज करता येतो. मग बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि एक दिवस मुलाखतीचे बोलावणे. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांवरच्या 128 प्रश्नांची यादी आहे. त्यांतले जास्तीत जास्त 20 विचारतात, 12 बरोबर आले की पास. बारावे बरोबर उत्तर तोंडातून बाहेर पडले की अधिकारी पुढचा प्रश्न विचारतच नाही. हे प्रश्न तोंडी असतात, निवडायला अ-ब-क-ड पर्याय नसतात.

याशिवाय इंग्रजी बोलणे, वाचणे आणि लिहिणेही तपासतात. मग बोलण्याची परीक्षा कधी होते? गंमत अशी, की ती चालू असते आणि समोरच्याला कळतही नाही. पत्ता तोच आहे ना, नोकरी कुठे, परदेशी कधी गेला होतात, कर भरलात का, अशी अर्जातलीच माहिती अधिकारी विचारत जातो. तुम्ही त्याला कसे समजून घेता आणि काय बोलता, हीच ती परीक्षा! वाचायला तीन वाक्ये मिळतात, त्यांतले एक नीट वाचले तरी पुरते. लिहिण्याचेही तसेच. स्पेलिंग थोडे चुकले तरी चालते, अर्थ हरवला नाही म्हणजे झाले. एखादा भाग राहिलाच, तर 60 ते 90 दिवसांच्या आत तेवढ्याच भागाची पुन्हा संधी मिळते.

आणि मुलाकडे राहायला गेलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या आजींचे काय? वय 55 च्या पुढे आणि ग्रीन कार्डावर 15 वर्षे झाली असतील, किंवा वय 50 च्या पुढे आणि 20 वर्षे, तर इंग्रजी माफ. आजी सोबत दुभाषा घेऊन जातात आणि अमेरिकेच्या संविधानावरची उत्तरे चक्क मराठीत देतात. पासष्टी ओलांडली आणि 20 वर्षे भरली, तर पाठ करायचे प्रश्नही फक्त 20.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो यादीतला एक साधा प्रश्न: कायद्याचे राज्य म्हणजे काय? सरकारला मान्य असलेली उत्तरे बघा. सर्वांनी कायदा पाळला पाहिजे. नेत्यांनी पाळला पाहिजे. सरकारने पाळला पाहिजे. कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही. यांतले कोणतेही एक चालते. चित्र नीट डोळ्यांपुढे आणा. टेबलाच्या पलीकडे सरकार बसले आहे, अर्ज मंजूर करायचा की नाही हे त्याच्या हातात आहे. आणि अलीकडचा परका माणूस त्याला सांगतो आहे, ‘सरकारनेही कायदा पाळला पाहिजे.’ आणि याचे त्याला गुण मिळतात!

हे फक्त पाठ करण्यापुरते आहे का? त्यासाठी शंभर वर्षे मागे जाऊ. तेव्हा अमेरिकी कायद्याने ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या स्थलांतरितांनाच नागरिक होता येत असे. 1923 मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, भारतीय माणूस ‘गोरा’ नाही. झाले! आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घ्यायला सरकार एकेकाच्या मागे लागले. कल्पना करा, कोर्टाने रीतसर दिलेला कागद, त्याच्या भरवशावर बांधलेले घरदार, आणि सरकार म्हणते, ते काही खरे नव्हते.

या माणसांत होते सखाराम गणेश पंडित. 1914 मध्ये नागरिक झालेले, लॉस एंजलिसला वकिली करणारे, थिंद यांच्या बाजूने लढलेले. ते स्वतःसाठीही लढले. 1914 मध्येच न्यायालयात निकाली निघालेला मुद्दा सरकारला पुन्हा उकरून काढता येणार नाही, असा निर्णय 1926 मध्ये अपील न्यायालयाने दिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायलाही नकार दिला. मूळ कायदा अन्यायाचाच होता, आणि तो तसाच राहिला. पण एका भारतीय वकिलाने अमेरिकी सरकारला त्याच्याच कोर्टात कायदा पाळायला लावला, हे तितकेच खरे.

कायद्याचा दरवाजा भारतीयांसाठी उघडला 1946 मध्ये. त्यालाही अट होतीच: भारतातून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला अवघा 100. आज अर्ज करणाऱ्या भारतीयाला वंश पाहून अडवत नाहीत. त्याला सोडावे मात्र बरेच लागते. मुलाखत पास झाली तरी माणूस नागरिक होतो तो शपथ घेतल्यावर, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्याला मान्य नसल्याने त्याच क्षणी तो भारताचा नागरिक राहत नाही.

या यादीतली काही उत्तरे छापताच येत नाहीत, कारण ती पत्त्याप्रमाणे आणि निवडणुकीप्रमाणे बदलतात. उदाहरणार्थ, तुमच्या भागातून प्रतिनिधिगृहात कोण निवडून गेले आहे? बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेला एक मराठी माणूस 1979 मध्ये शिकायला अमेरिकेत गेला, 1988 मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला, आणि जानेवारी 2023 मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाचा प्रतिनिधी म्हणून त्याने शपथ घेतली. त्या वर्षी डेट्रॉइटच्या बहुतेक वस्त्यांमध्ये या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर होते: श्री ठाणेदार.