माथेरानच्या राणीचे फोटो काढायला चला!

मुलाबाळांसह फोटोग्राफीला जायचंय? मग नेरळ गाठा. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या ध्यासातून साकारलेली ‘माथेरानची राणी’, म्हणजे नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची रेल्वे, १९०७ पासून घाट चढतेय. नेरळला जपून ठेवलेलं वाफेचं इंजिन आधी पाहा आणि चाकांचे फोटो अगदी जवळून घ्या. या इंजिनांची पुढची-मागची चाकं वळणावर किंचित आडवी सरकायची, म्हणून तर इतकी अवघड वळणं जमली! गाडीत शक्यतो मागच्या डब्यात बसा. वळणावर अख्खी गाडी फ्रेममध्ये येते. फक्त खिडकीतून हात-डोकं बाहेर नको. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, पुढे माथेरानपर्यंत शटल मिळते.