गाय, किंमत आणि फाइल बदलण्याचे अवजार

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला विचारले, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला संगणकातले काय कळते? फारसे नाही. पण आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. दिवाळीत सोलापूरला आला तेव्हा तो छापलेले एक पान घेऊन आला. म्हणाला, "सर, यात कुठं दोन अर्थ निघतात का, तेवढं बघा."

आता एआय एजंट नावाचा प्रकार आला आहे. त्याला काम सांगायचे; तो स्वतः फाइली उघडतो, कोड बदलतो, चाचण्या चालवतो. त्याला हात नाहीत. फाइल बदलायची तर एका अवजारामार्फत, आणि ते अवजार कसे वापरायचे हे त्याला शब्दांत लिहून द्यावे लागते. ते हे पान. आपण नवा मिक्सर आणला तर पुस्तिका न वाचता बटण दाबून बघतो, शेजाऱ्याला विचारतो. एजंटापुढे बहुतेक वेळा तेवढे पानच असते.

अवजाराला तीन गोष्टी द्यायच्या: फाइलीचा पत्ता, जुना मजकूर, नवा मजकूर. आम्ही विचारले, "सरळ ओळ क्रमांक का नाही देत?" उत्तर सोलापूरकरांना लगेच पटेल. चादरीच्या मागावर जॅकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकामागे एक ओवलेली असतात. मध्ये दोन कार्डे वाढवली, की कालचे चाळिसावे आज बेचाळिसावे होते. ओळींचेही तसेच. म्हणून क्रमांकाऐवजी मजकुरावरूनच जागा ओळखायची, आणि अट अशी, की तो जुना मजकूर फाइलीत नेमका एकदाच सापडला पाहिजे.

इथे आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. कारण ही तर लक्षणाची चर्चा! अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आपल्याकडे आठल्ये आणि बोडस यांच्या १८९७ च्या मुंबईच्या आवृत्तीने पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. लक्षणाचे तीन दोष त्या परंपरेत गाईवरून सांगतात. गाय म्हणजे कपिल रंगाची, असे म्हटले तर पांढऱ्या गाई सुटतात: अव्याप्ती. शिंगे असलेली म्हटले तर म्हैसही आत येते: अतिव्याप्ती. एका खुराची म्हटले तर एकही गाय सापडत नाही: असंभव.

अतिव्याप्ती आम्ही स्वतः भोगली आहे. एका पुस्तकाच्या मजकुरात 'मत'च्या जागी सगळीकडे 'दृष्टिकोन' करा, असे आम्ही संगणकाला सांगितले. त्याने केले. किंमतचे 'किंदृष्टिकोन' झाले, गंमतचे 'गंदृष्टिकोन'. (हशा) तुम्ही हसता, पण आम्हाला ते छपाईच्या आदल्या आठवड्यात दिसले.

अव्याप्ती मराठीत फार फसवी. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते: एकसंध, किंवा 'अ' घेऊन त्यावर चंद्र. बऱ्याच पडद्यांवर दोन्ही सारखीच दिसतात. अवजार मात्र एकाच तऱ्हेची बदलते, उरलेली तशीच राहतात. आणि असंभव? एजंट आठवणीने जुना मजकूर लिहितो, त्यात एक मोकळी जागा कमी पडते आणि काहीच सापडत नाही. म्हणून आधी फाइल वाचा, मग बदला, हा नियम पानावर हवाच.

मजकूर अनेक ठिकाणी सापडला तर काय, याबद्दल त्या पानावर लिहिले होते: 'योग्य ते बदल केले जातील.' आम्ही लाल पेन काढला. योग्य कोणी ठरवायचे? अवजाराने अंदाजाने एखादी जागा निवडली तर चूक कुणाला कळणारही नाही. त्यापेक्षा त्याने नकार द्यावा आणि सांगावे: 'हा मजकूर तीन ठिकाणी आहे, आजूबाजूच्या ओळी धरून पुन्हा द्या.' हे नकाराचे वाक्यही माहितीचाच भाग आहे, कारण ते अडलेल्या क्षणी वाचले जाते.

कधी शब्दांनी भागत नाही, अवजारच बदलावे लागते. ॲन्थ्रॉपिक कंपनीच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये अशा एजंटांवर लिहिले आहे. त्यांचा एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला, की 'इथून पुढे'सारखा सापेक्ष पत्ता देऊन चुकत असे. त्यांनी प्रत्येक वेळी पूर्ण पत्ता देणे सक्तीचे केले आणि चूक थांबली. पत्रावर 'मारुतीच्या देवळामागे' एवढेच लिहिले, तर पोस्टमन तरी कुठल्या गावात जाणार?

विद्यार्थी निघताना आम्ही एक शंका काढली: जुना मजकूर रिकामाच दिला तर? तो म्हणाला, "सर, असं कोण देईल?" मग तिथेच लॅपटॉप उघडून त्याने पायथनमध्ये करून पाहिले. 'कमल' या शब्दात रिकामा मजकूर चारदा सापडला: आधी, नंतर आणि मधल्या दोन फटींत. म्हणजे अवजार नकार देणार, ठीक. पण पूर्ण रिकाम्या फाइलीत तो नेमका एकदाच सापडला, म्हणजे अट पुरी झाली! चहा तसाच ठेवून तो पान दुरुस्त करायला बसला.