गोव्याची सरहद्द पाणलोटावर का नाही?

गोव्याची हद्द म्हटली की डोळ्यासमोर सोपं चित्र येतं: पूर्वेला सह्याद्रीचा माथा, उत्तरेला तेरेखोल नदी. मी मूळचा स्थापत्य अभियंता, त्यामुळे हद्द म्हणजे पाणलोटरेषा नाहीतर नदीपात्र, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्ष फिरल्यावर ती दोन ठिकाणी मोडली.

पहिलं ठिकाण तेरेखोल. किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर काठावर, तरी गोव्यात. केरीहून (पेडण्याची केरी, सत्तरीतली निराळी) फेरीबोटीने जायचं, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घ्यायचा. पोर्तुगीजांनी हा किल्ला 1746 मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला. पेडणे महाल त्यांच्याकडे आला 1788 मध्ये. म्हणजे पलीकडचा काठ आधी, अलीकडचा 42 वर्षांनी!

मेख इथेच आहे. 1763 ते 1788 या काळात ‘नव्या काबिजादी’ आल्या त्या महालवार. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे सोंदेकरांचे. डिचोली, सत्तरी, पेडणे सावंतवाडीकरांचे. सारा कोणत्या गावाचा कुठल्या महालात जमा होतो, हे दप्तर सांगायचं. पाणी कुठे वाहतं याच्याशी दप्तराला देणंघेणं नव्हतं.

दुसरं ठिकाण कणकुंबी, बेळगाव-चोर्ला रस्त्यावर, खानापूर तालुक्यात. इथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो. खरी पाणलोटरेषा अशी गावाजवळून जाते, आणि गोव्याची हद्द लागते घाटाकडे, आणखी पश्चिमेला. मधला पट्टा पाण्याने गोव्याचा, दप्तराने बेळगाव जिल्ह्याचा. ब्रिटिश-पोर्तुगीज काळात याने फारसं बिघडलं नसावं. 1956 मध्ये हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, आणि दोन साम्राज्यांमधली जुनी रेघ भारतातल्या दोन शेजाऱ्यांमधली रेघ झाली.

म्हादई खोऱ्याच्या 2,032 चौरस किलोमीटरपैकी 1,580 गोव्यात, 375 कर्नाटकात, 77 महाराष्ट्रात. कळशाचं पाणी कालव्याने मलप्रभेत वळवायचं तर कणकुंबीला अंतर किती थोडं आहे, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. 2010 मध्ये लवाद नेमला गेला. 2018 च्या निवाड्यात गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 अब्ज घनफूट पाणी आलं. त्यावर तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली.