वाक्पारुष्य

वाक्पारुष्य : वाणीने दुसऱ्याचा अपमान वा उपमर्द करण्याच्या अपराधाची प्राचीन भारतीय धर्मशास्त्रातील व अर्थशास्त्रातील पारिभाषिक संज्ञा. ‘वाक्’ म्हणजे वाणी व ‘पारुष्य’ म्हणजे परुषपणा, कठोरता. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायनिर्णयास पात्र अशा वादविषयांत, त्याची गणना होते. शरीरावरील आघात म्हणजे दंडपारुष्य, हे त्याचे जोडपद होय. शब्दाचा आघातही हाताच्या आघाताप्रमाणे दंडनीय असतो, ही कल्पना या जोडीतून व्यक्त होते.

कौटिलीय अर्थशास्त्रात वाक्पारुष्याचे उपवाद (व्यंग इत्यादींवरून हिणवणे), कुत्सन (निंदा) व अभिभर्त्सन (धमकी) असे तीन प्रकार असून शरीर, स्वभाव, विद्या, उपजीविका व देश हे त्याचे विषय मानले आहेत. नारदस्मृतीत निष्ठुर, अश्लील व तीव्र असे भेद आहेत. पातकाचा आरोप तीव्र ठरतो.

बोलणे खरे असले, तरी अपराध नाहीसा होत नाही, हे या संकल्पनेचे वैशिष्ट्य होय. कौटिल्याच्या मते काण्यास काणा म्हणून हिणवल्यास ३ पण, व्यंग नसता तसे म्हटल्यास ६ पण व काण्याच्या डोळ्यांची उपरोधाने स्तुती केल्यास १२ पण दंड होतो. प्रमादाने वा मद्याच्या अमलाखाली बोलल्यास दंड निम्मा होतो. मात्र प्रतिष्ठेचे हे रक्षण सर्वांना सारखे नव्हते. मनुस्मृतीनुसार ब्राह्मणाची निंदा करणाऱ्या क्षत्रियास १०० पण दंड व शूद्रास शारीरिक शिक्षा होई; उलट शूद्राची निंदा करणाऱ्या ब्राह्मणास केवळ १२ पण दंड होता.

आधुनिक कायद्यातील ‘अब्रुनुकसानी’ ही संकल्पना याहून भिन्न आहे. अब्रू हा शब्द फार्सी ‘आबरू’वरून (मूळ अर्थ, चेहऱ्याचे पाणी, तेज) आला आहे. वाक्पारुष्यात परुष बोलणे हाच अपराध, तर अब्रुनुकसानीत लोकांच्या दृष्टीने होणारी प्रतिष्ठेची हानी निर्णायक असते. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ प्रमाणेच, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही, उपरोधाने केलेला आरोप अब्रुनुकसानी ठरू शकतो. आणि सत्य कथन सार्वजनिक हितासाठी असेल, तरच त्यास संरक्षण मिळते. या दोन बाबतींत जुना विचार व नवा कायदा परस्परांच्या जवळ येतात. परंतु वर्णानुसार दंड बदलण्यास आज कायद्यात स्थान नाही.