पेटीच्या तळाशी पडलेली परदेशी चिल्लर : भंगारात देण्याआधी तारीख वाचा

कोकणच्या बंदरपट्टीतील पुष्कळ मुस्लीम घरांतून कोणी ना कोणी जहाजावर, आफ्रिकेत किंवा आखातात गेले. माणसे परतली तेव्हा अत्तर आले, घड्याळे आली, कापड आले आणि खिशात उरलेली चिल्लर आली. नोटा बदलून मिळतात, चिल्लर कोणी बदलून देत नाही. ती थैलीत बांधून पेटीच्या तळाशी गेली. आता वडीलधारी माणसे राहिली नाहीत, घरे नव्याने बांधली जात आहेत आणि या थैल्या किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे किंवा मुशीत जात आहेत. हे नुकसान आहे आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

आमचे स्वतःचे नुकसान आधी सांगतो. आमच्या दादांच्या पेटीत झांजिबारचा तांब्याचा एक पैसा निघाला. एका बाजूला अरबी मजकूर, दुसऱ्या बाजूला तराजू. व्यापाऱ्याच्या घरात याहून शोभणारे नाणे कोणते! आम्ही खुशीने तो चिंच आणि राख लावून घासला. सोन्यासारखा चमकला. मुंबईत जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याला दाखवला, तर त्यांनी एकदाच उलटून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "साहेब, तुम्ही याची उमर धुऊन काढलीत." तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हाच त्याच्या अस्सलपणाचा दाखला असतो. तो गेला की गिऱ्हाईक गेले. म्हणून पहिला नियम हाच, नाणे घासू नये. फारच माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कपड्याने टिपावे.

त्या पैशावर हिजरी १२९९ आहे. सुलतान बरगश बिन सईद यांनी तो पाडून घेतला. हिजरीवरून इसवी काढण्याचा हिशेब सोपा आहे. हिजरी सनाला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावेत. १२९९ चे १८८२ येतात. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. आकडे वाचताना मात्र जपावे. उर्दू जाणणारे वाचक इथेच फसतात, कारण अरबी चार, पाच, सहा हे उर्दूपेक्षा थोडे निराळे लिहितात. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे लहान वर्तुळ. पाचाला शून्य समजले की १३५४ चे १३०४ होतात आणि भावाचा सगळा हिशेब चुकतो.

हा १३५४ म्हणजे १९३५ चा सौदी चांदीचा रियाल. तो हातात घेतला तर आपला जुना रुपयाच वाटतो. वजन सुमारे ११.६ ग्रॅम आणि चांदी हजारी ९१७, म्हणजे १९३९ पर्यंतच्या हिंदुस्थानी रुपयाइतकीच. यात नवल नाही, कारण आखातात चलन आपलेच होते. कुवैत, बहारीन, कतर, दुबई इथे रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि हाजींसाठी दहा व शंभर रुपयांच्या खास हज नोटाही काढल्या. कुवैतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपला दिनार आणला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतर आणि दुबईनेही रुपया सोडला. त्या हज नोटा आज दुर्मिळ आहेत. घरात कोणी त्या काळी हजला जाऊन आले असेल तर जुन्या किताबांची पाने एकदा जरूर चाळावीत.

थैलीत एखादे मोठे, जड चांदीचे नाणे निघाले, त्यावर भरदार बाईचा मुखवटा आणि १७८० साल असेल, तर ते ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेसा यांचे थालर. पण १७८० वर भुलू नये. सम्राज्ञी त्याच वर्षी वारल्या, तरी अरबस्तान आणि हबशी मुलखातील व्यापारी दुसरे नाणे घेईनात, म्हणून तेच साल कायम ठेवून ते पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडले गेले. १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी हजारी ८३३. कडेवर लॅटिन अक्षरे उठलेली असतात. ती नसतील किंवा वजन कमी भरले तर नाणे नकली समजावे. सराफी आणि चांदीकाम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांना काटा आणि कसोटी नवी नाही. या छंदात ते इतरांच्या चार पावले पुढेच असतात. फक्त कानसीचा मोह आवरावा आणि कडी डाग देऊन लॉकेट करू नये. डाग दिलेले नाणे दागिन्याच्या भावाने जाते.

सरळ सांगायचे तर थैलीतील बहुतेक नाण्यांना भाव नाही. १९७३ पासूनचे अमिरातीचे फिल्स आणि दिरहम ढिगाने मिळतात. पण मुलांसाठी याहून चांगली सुरुवात नाही. दल्ला, हरीण, गलबत, तेलाचे मनोरे अशी चित्रे आणि हिजरी व इसवी दोन्ही साले एकाच नाण्यावर मिळतात.

आता कायद्याचे. परदेशी नाणी घरात ठेवण्यास आपल्याकडे संख्येची मर्यादा नाही, परदेशी नोटांना आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे मात्र १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करण्यास परवाना लागतो. चांदीची नाणी छंदाची असली तरी चांदीच आहेत. जकातीचा हिशेब करताना आपल्या आलिमांना विचारून ती धरावीत.

नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नयेत, हिरवा चिकटा धरतो. कागदी लिफाफा बरा. त्यावर देश, साल, वजन आणि कोणी कुठून आणले ते लिहावे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था. विकण्याची घाई करण्याआधी यांपैकी एका ठिकाणी चक्कर मारावी आणि थैली सोबत न्यावी.